वाजतं ते टेबल

मॉडेल रेल्वेचा छंद नव्यानं लागलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा एकच असते: गाडी फार आवाज करते. प्लायवर रूळ ठोकले, इंजिन ठेवलं, वीज दिली, की खोलीभर घरघर सुरू होते. पलीकडच्या खोलीत टीव्ही मोठा करावा लागतो आणि घरातली माणसं झोपल्यावर गाडी चालवायची तर सोयच राहत नाही. मग इंजिनात खोट असेल असं वाटून ते उघडलं जातं, तेल पाजलं जातं, डब्यांची चाकं बदलली जातात. या सगळ्यानं थोडा फरक पडतो, पण खोट तिथे नसते. हाताच्या तळव्यावर मावणारं, अर्ध्या किलोच्याही आतलं इंजिन खोली भरून टाकेल एवढा आवाज करू शकत नाही. वाजत असतं ते त्याच्या खालचं टेबल.

मी मिरजेची. दातांच्या कवळ्या आणि कॅप बनवणं हा माझा व्यवसाय. खाली लॅब आहे आणि वरच्या खोलीत माझं मिरज जंक्शन. मिरज हे एकेकाळी तिन्ही गेजचं स्टेशन होतं. पुण्याकडून येऊन कोल्हापूरला जाणारी ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीवरून लातूर गाठणारी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. बार्शी लाइटचा पहिला टप्पा १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं उभा केला. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आता ती सगळी लाइन ब्रॉडगेज झाली आहे. माझ्या टेबलावर मात्र तिन्ही गेज नांदतात. प्रमाण एकास सत्त्याऐंशी, ज्याला जगभर एचओ म्हणतात. या हिशेबात ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ होतात, त्याला नऊ मिलिमीटरचे तयार रूळ चालतात. मीटरगेजला बारा मिलिमीटरचे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, ती खरं तर सव्वाएकोणीसवर बसायला हवी, पण सहज मिळणारे रूळ साडेसोळाचे, म्हणून तेच मी वापरते.

आता आवाजाकडे. चाक धातूचं, रूळही धातूचा. डोळ्यांना दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर बारीक उंचवटे असतात. चाक त्यांवरून जाताना रूळ थरथरतो. हा रूळ दोन-अडीच मिलिमीटर उंचीचा. एवढ्याशा पट्टीला हवा हलवताच येत नाही, त्यामुळे तिचा स्वतःचा आवाज नगण्य. ती थरथर स्लीपरमधून, खिळ्यांमधून खाली प्लायमध्ये उतरते, आणि प्लायचा पृष्ठभाग असतो चौरस मीटरभर. तो हलला की खोलीतली हवा हलते.

हे समजून घ्यायला मिरजेसारखं गाव नाही. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ही कारागिरी एकोणिसाव्या शतकापासूनची. सतारमेकर गल्लीत एका कारखान्यात मी तंबोरा जुळवताना पाहत बसले होते. नुसत्या दांडीवर ताणलेली तार छेडली, तर ती कानाजवळ नेल्याशिवाय ऐकू येईना. तीच तार तबलीवरच्या घोडीवर चढवली आणि दुकान भरून गेलं. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडाची पातळ फळी. कारागीर बोटाच्या पेरानं ती ठोकून बघतात, रंधा मारून हवी तेवढी पातळ करतात. तारेची थरथर घोडीतून फळीत, फळीतून भोपळ्याच्या पोकळीत. रूळ, खिळा, प्लाय आणि प्लायखालची मोकळी जागा ही मांडणी तंतोतंत तीच आहे. फरक इतकाच की ते कारागीर ज्यासाठी जन्मभर झटतात, तेच आपल्याला टाळायचं असतं.

खात्री करायची असेल तर घरी करून पाहा. हातभर लांबीचा रुळाचा तुकडा गोधडीच्या घडीवर ठेवा आणि त्यावरून एक डबा हातानं ढकला. बारीक सुळसुळ ऐकू येईल, बस. तोच तुकडा उघड्या प्लायवर ठेवून तोच डबा ढकला. आवाज लगेच जाड होईल. मग दोन टोकांना दोन चुका ठोकून पुन्हा ढकला. आता टेबल बोलू लागेल. डबा तोच, चाकं तीच. मध्ये फक्त वाट पक्की होत गेली.

म्हणून काम दोन भागांचं आहे. थरथरीची वाट एका जागी तोडायची, आणि तोडलेली वाट दुसऱ्या कशानं नकळत जोडली जाणार नाही हे बघायचं. पहिला भाग सगळेच करतात. आवाज राहतो तो दुसऱ्यामुळे.

वाट तोडायची म्हणजे रूळ आणि प्लाय यांच्यामध्ये वेगळ्या जातीचं काहीतरी घालायचं. अमेरिकेत यासाठी होमासोट नावाचा, कागदाच्या लगद्यापासून दाबून केलेला बोर्ड पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. कॉर्कच्या, दोन्ही कडांना उतार असलेल्या तयार पट्ट्या तर सगळीकडेच चालतात. एचओसाठी त्यांची जाडी साधारण पाच मिलिमीटर असते. आपल्याकडे होमासोट शोधत बसण्यात अर्थ नाही. नोटीस बोर्डाच्या आत असतो तो बारा मिलिमीटरचा सॉफ्ट बोर्ड त्याच्या जवळ जातो आणि प्लायवाल्याकडे मिळतो. कॉर्क शीटही मिळते. पण माझी पसंती चपलांच्या कच्च्या मालाच्या दुकानाला. तिथे एमसीआर नावाचं रबराचं शीट मिळतं, आत बारीक बारीक हवेचे बुडबुडे असलेलं. मधुमेही रुग्णांच्या चपलांना वापरतात तेच. ते दबतं, पण लगेच पूर्ववत होतं. कॉर्क मात्र वर्षानुवर्षं सुकत जातं आणि कडक होतं.

मऊपणाचा हव्यास नको. अंगठ्यानं दाबून पाहावं: पृष्ठभागानं थोडं मान्य करावं, पण बोट आत जाता कामा नये. गादीसारखा स्पंज घातला तर इंजिनाच्या वजनानं रूळ लचकतो, सांध्यांशी कोन पडतो आणि गाडी घसरते. शिवाय एका जातीचा जाड थर घालण्यापेक्षा दोन वेगळ्या जातींचे पातळ थर जास्त काम करतात. थरथर एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना सीमेवर तिचा काही भाग मागे परततो. पदार्थ जितके भिन्न, तितका परतावा जास्त. माझ्याकडे प्लायवर सॉफ्ट बोर्ड आणि त्यावर एमसीआर अशी उतरंड आहे. थर्मोकोलनं आवाज मरतो असं अनेक जण समजतात. थर्मोकोल हलका आणि ताठ असतो, पातळ शीट तर स्वतःच वाजतं. डोंगर करायला ते उत्तम, रुळाखाली नको.

काही कंपन्यांचे रूळ प्लॅस्टिकच्या भरावासकट येतात. जर्मनीच्या मार्क्लिनचा सी-ट्रॅक किंवा जपानच्या काटोचा युनिट्रॅक तसा असतो. जमिनीवर मांडून खेळायला आणि आवरून ठेवायला याहून सोयीचं काही नाही, पण तो भराव आतून पोकळ, म्हणजे आणखी एक पेटी. पोकळीत फोमची पट्टी कापून बसवली की बराच फरक पडतो.

आता खडी. या विषयात मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण खडी टाकली की लेआउट खरा दिसायला लागतो आणि नेमका तेव्हाच आवाज परत येतो.

भारतीय रेल्वेची खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची असते. ८७ नं भागलं की पाव ते पाऊण मिलिमीटर होते. क्रशरवरची कच आणून चहाच्या गाळणीनं आणि मग त्याहून बारीक जाळीनं चाळली की हव्या त्या मापाचे दाणे मिळतात, रंगही आपल्या लाइनीचा. फक्त आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवायचं. दख्खनच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं. त्याचे कण इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि तिथून गिअरमध्ये जातात. कागदात गुंडाळलेलं चुंबक कचेतून ओढलं की कागदावर काळी लव उभी राहते. ती झटकून पुन्हा ओढायचं, लव येईनाशी होईपर्यंत.

ही कच रुळांच्या मध्ये आणि कडेला मऊ कुंचल्यानं पसरतात. मग त्यावर निम्मं फेविकॉल, निम्मं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब असं मिश्रण सोडतात. साबणानं पाण्याचा ताण मोडतो आणि गोंद दाण्यांच्या तळाशी झिरपतो. मी यासाठी लॅबमधली सिरिंज वापरते, दाणे जागचे हलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळं घट्ट आणि सुरेख झालेलं असतं. पण ते घट्ट म्हणजे दगडच. स्लीपरपासून कॉर्कच्या उतारावरून थेट प्लायपर्यंत दगडाची एक सलग साय तयार होते. मधलं कॉर्क शाबूत असतं, पण थरथरीला त्यातून जायची गरजच उरत नाही. ती वरून वळसा घालून खाली उतरते.

यावर उपाय आहेत. पहिला उपाय रुंदीचा. मऊ थर खडीच्या पसाऱ्यापेक्षा दोन्ही बाजूंनी बोटभर जास्त रुंद ठेवायचा, म्हणजे खडीचा पायथा त्याच्यावरच संपतो, प्लायला टेकत नाही. पुढे माती, गवत जे काही करायचं ते वेगळं, मध्ये केसाएवढी फट ठेवून. ती फट गवताखाली कुणाला दिसत नाही. दुसरा उपाय गोंदाचा. सुकल्यावरही लवचीक राहील असा गोंद घ्यायचा. ब्रिटनमध्ये यासाठी कॉपीडेक्स नावाचा रबराच्या चिकाचा गोंद पाण्यात पातळ करून वापरतात. आपल्याकडेही पाण्यात मिसळणारा लॅटेक्स गोंद मिळतो. पंक्चरचं किंवा चपलेचं सोल्युशन मात्र इथे चालत नाही. त्यातला द्रव थर्मोकोल विरघळवतो आणि प्लॅस्टिकचे स्लीपरही बिघडवू शकतो.

कोणता गोंद लवचीक राहतो हे बाटलीवर वाचून कळत नाही. प्लास्टर कालवायच्या रबरी वाटीत तो पातळ पसरवून पूर्ण सुकू द्यायचा आणि मग वाटी दाबायची. फेविकॉलचा पापुद्रा तडकून टणकन उडतो. लॅटेक्सचा वाटीबरोबर वाकतो आणि सोलला तर बोटाबरोबर लांब येतो. जो वाकतो तोच खडीला घालायचा. लॅटेक्सचा एक तोटा म्हणजे तो थोडा पिवळा पडतो. काळ्या खडीत ते खुपत नाही.

चुका आणि स्क्रू यांची कथा वेगळी नाही. रूळ जागेवर धरायला चुका लागतात, पण गोंद सुकला की त्या काढून टाकायच्या. रूळ चिकटवायला मी रंगाच्या दुकानातलं पांढरं अॅक्रिलिक सीलंट वापरते. पट्टीनं ते इतकं पातळ ओढायचं की खालचा थर त्यातून दिसावा, वर रूळ दाबायचा आणि रात्रभर वजन ठेवायचं. सीलंट सुकल्यावरही थोडं रबरासारखं राहतं, आणि उद्या मार्ग बदलायचा झाला तर पातळ पात्यानं रूळ अखंड सुटतो.

ओळखीच्या एका कॉलेजच्या मुलानं सांगलीहून बोलावलं होतं. त्याचं काम नीटस होतं, कॉर्क होतं, खडीही जपून टाकलेली. तरी एका वळणावर गाडी आली की टेबल गुरगुरायचं आणि पुढे जाताच शांत व्हायचं. कानानं जागा सापडेना. मिरज हे दवाखान्यांचं गाव, स्टेथोस्कोप माझ्या पर्समध्ये नसला तरी शेजारी नेहमी मिळतो. तो मी बरोबर नेला होता. त्यानं वर गाडी हळूहळू फिरती ठेवली आणि मी टेबलाखाली बसून प्लायवर विताविताच्या अंतरानं कानोसा घेत गेले. कॉर्कखाली सगळीकडे दूरवरून आल्यासारखा आवाज होता. एका जागी मात्र प्रत्येक चाक कानात येऊन आदळलं. तिथे सांधेबदलाची मोटर होती. ती प्लायला खालून चार स्क्रूंनी आवळलेली आणि तिचा पोलादी दांडा वर थेट रुळाच्या पात्याला जोडलेला. तंबोऱ्याची घोडीच म्हणा. स्क्रू काढून मोटर जाड फोमच्या दुहेरी टेपवर बसवली, दांड्याच्या जागी बारीक, लवचीक तार घातली. गुरगुर त्याच क्षणी थांबली. तेव्हापासून कुणाच्याही टेबलाखाली शिरताना मला तेच यंत्र लागतं.

टेबलाचं स्वतःचं वाजणंही कमी करता येतं. आधाराच्या पट्ट्या जवळ जवळ घेतल्या, हात-सव्वा हातावर, की प्लायला फुगायला वाव राहत नाही. प्लायला टिचकी मारत गेलात तर पट्टीवर ठक्क आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये ढब्ब ऐकू येईल. ढब्ब जिथे जास्त, तिथे खालून गाडीच्या दरवाजात चिकटवतात ते ब्यूटाइलचं डॅम्पिंग शीट लावायचं. ते कार अॅक्सेसरीवाल्याकडे मिळतं. खाली दुसरं बिऱ्हाड असेल तर टेबलाच्या पायांखाली रबर घालणं हे शेजारधर्माचं काम.

खऱ्या रेल्वेचे इंजिनिअरही याच वाटेनं जातात. मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ भुयारी मेट्रोत रूळ काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यांवर आहेत, आणि प्रत्येक ठोकळा खाली लवचीक पॅड ठेवून रबराच्या बुटात बसवलेला आहे. वरच्या जुन्या इमारतींना थरथर पोचू नये म्हणून. मेट्रोचं सगळं शास्त्र आणि माझ्या टेबलावरची चपलेच्या शीटची पट्टी एकाच कामाला आहेत, आणि या गोष्टीचा मला फार आनंद वाटतो.

चाकं धातूचीच ठेवावीत. प्लॅस्टिकची चाकं थोडी गप्प असतात, पण रुळांवर मळ पसरवतात. इंजिनाचा आवाज वेगळा काढायचा असेल तर ते फोमवर उलटं ठेवून चाकांना वायरनं वीज द्यावी. तेव्हा जे ऐकू येईल तेवढंच इंजिनाचं, बाकी सगळं खालचं. आणि वेग कमी करावा. ताशी ३० किलोमीटर म्हणजे या प्रमाणात सेकंदाला जेमतेम दहा सेंटीमीटर. बार्शी लाइटची गाडी त्याहून जोरात पळवायचं काही कारण नाही.

हे सगळं कशासाठी, असं विचारलं तर उत्तर शांतता हे नाही. आजकाल इंजिनात बोटाच्या पेराएवढा स्पीकर बसतो, त्यातून डब्ल्यूडीएम-२ च्या अल्को इंजिनाची धडधड येते. टेबल घरघरत असेल तर ती बुडून जाते. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो सांध्यांचा ठेका. सलग वेल्ड केलेले रूळ येण्याआधी आपली गाडी ज्या तालावर चालायची, तो ब्रॉडगेजवर तेरा मीटरच्या आणि मीटरगेजवर बारा मीटरच्या रुळांनी ठरवलेला होता. गंमत अशी की लांबी ८७ पट लहान होते, तसा वेगही ८७ पट कमी होतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधला वेळ बदलतच नाही. ताशी ६० किलोमीटरनं धावणाऱ्या खऱ्या गाडीचं एक चाक पाऊण सेकंदाहून जरा जास्त वेळात पुढच्या सांध्यावर पोचतं. माझ्या टेबलावरही तेवढ्याच वेळात. वजन आणि सूर छोटे झाले, लय तशीच राहिली.

बाजारातला लवचीक रूळ मात्र वारभर, ९१४ मिलिमीटरचा येतो. त्याचे सांधे जपून करावेत. रूळ जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचे. मिरजेच्या थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत पंचवीस अंशांचा फरक धरला, तर तीन मीटरच्या लाइनीत ते सव्वा मिलिमीटर वाढतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं ते वेगळंच. म्हणून सरळ भागात सांध्यांना बारीक फट ठेवायची, वळणावर सांधे डाग देऊन जोडायचे, आणि प्रत्येक टोकाची वरची आणि आतली धार कानशीनं मोडायची, म्हणजे चाक ठेचकाळत नाही. एवढं झालं की हे सांधे गप्प होतात. मग मी ठेका मुद्दाम घालते. ब्रॉडगेजवर दर पंधरा सेंटीमीटरला, मीटरगेजवर दर चौदाला, रुळाच्या माथ्यावर सुई-कानशीनं फक्त नजरेला दिसेल एवढी आडवी खाच. सरळ लाइनीत आपल्याकडे दोन्ही रुळांचे सांधे समोरासमोर असतात, म्हणून खाचाही समोरासमोर. अमेरिकेतल्यासारख्या आड-एक नाही. खाच खोल गेली तर डबा उसळतो, उथळ राहिली तर ऐकू येत नाही. आधी फालतू तुकड्यावर घासायचं, गोधडीवर ठेवून डबा ढकलायचा, आणि बोगीची दोन चाकं लागोपाठ पडलेली कानाला कळली की तेवढ्यावर थांबायचं.